घरात पूर्वी कुणाला होतं का?

सई आणि नील,

तुमचे जनूआजोबा जाऊन आज बावीस दिवस झाले. इतक्यात काही लिहायचा माझा विचार नव्हता. आधी कोपरखैरण्याची त्याची खोली आवरायची, मग कागदपत्रं लावायची, मग निवांतपणे लिहायचं, असा क्रम मी ठरवला होता. पण परवा सईचा मेलबर्नहून फोन आला. तिला काही महिने बरं वाटत नाही, झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. तिथल्या डॉक्टर औषध सुरू करणार आहेत आणि त्यांनी एक फॉर्म भरायला दिला आहे. त्यात विचारलंय की घरात पूर्वी कुणाला मनाचा आजार होता का, आणि त्यांना कुठलं औषध चाललं किंवा चाललं नाही. (सईने हे नीललाही सांगितलं आहे, नाहीतर मी इथे लिहिलं नसतं.) तासाभरात तुमच्या बाबांचाही फोन आला. "आई, तिला काही सांगू नकोस. उगाच डोक्यात घेऊन बसेल. नाही म्हणून लिहू दे."

मी सांगणार आहे. प्रशांतला तसं कळवलं, तो रागावला आहे. नील, तू मला काहीच विचारलेलं नाहीस. तुला हे जाणून घ्यायचं नसेल तर इथेच थांब. वाचलंस की नाही, हे मी कधी विचारणार नाही.

पुढचं मी जनूला उद्देशून लिहिते आहे. माझ्या या धाकट्या भावाला हे आधी सांगायला हवं होतं, आणि भांडणही त्याच्याशीच अर्धवट राहिलं आहे. तुम्ही फक्त ऐका.

जनू, तू हृदयाच्या झटक्याने गेलास, दुपारी, चहाचं आधण गॅसवर असताना. दाखल्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी दारात आलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं, "नक्की कशाने?" एक बाई बोलता बोलता छताच्या पंख्याकडे बघू लागल्या. मी त्यांना म्हटलं, पंखा चालू आहे, उकडत असेल तर खाली बसा. काय करू? तीस वर्षांत तुझं कुठलंच दुखणं लोकांनी सरळ घेतलं नाही. तुला सर्दी झाली तरी विचारायचे, गोळ्या घेतो ना वेळेवर?

आणि हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा मीच विचारला. दर रविवारी खारघरहून यायचं, तुझे दोन जिने चढायचे, सात कप्प्यांचा डबा भरायचा, मागच्या आठवड्याचे कप्पे रिकामे आहेत का ते बघायचं आणि वहीत खूण करायची. कप्पे नेहमीच रिकामे असायचे. मग एकदा खालच्या भाडेकरणीच्या मोगऱ्याच्या कुंडीत मला अकरा गोळ्या सापडल्या. मी जी बोलत सुटले ती सुटलेच. तू माझं सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "बाय, मोगरा बघ किती शांत झालाय." तेव्हा मी हसले नाही. आज हसू येतंय, आणि त्याचाही राग येतोय.

तुझं म्हणणं एकच असायचं. गोळी घेतली की जीभ जड होते, पायाखालची जमीन कापसासारखी लागते, दोन-दोन दिवस डोकं पाण्याखाली धरल्यासारखं वाटतं. "मना झेपत नाय," म्हणायचास. मी म्हणायचे, सगळ्यांना झेपतात, तुलाच कशा झेपत नाहीत. डॉक्टर लिहायचे, रुग्ण सहकार्य करत नाही. नातेवाईक म्हणायचे, नाटकं. डॉक्टर बदलले, गोळ्या बदलल्या, पुन्हा फिरून त्याच आल्या. तुर्भ्याच्या कारखान्यातली नोकरी गेली. दोन स्थळं बातमी लागताच परत फिरली. दुसऱ्यांदा तसं झाल्यावर तू आता पुरे म्हणालास, आणि पुन्हा कुणाला तुझा फोटो पाठवू दिला नाहीस.

दोन वर्षांपूर्वी वाशीच्या नव्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने सईपेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी तुझं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, एक तपासणी करून बघू. नळीत लाळ द्यायची, आणि प्रयोगशाळेत जनुकांवरून बघतात की शरीर कुठली औषधं किती वेगाने जिरवतं. आजार कुठला आहे हे यातून कळत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी समोरच होते.

पण नमुना द्यायला तू एकटा गेलास. संमतीपत्र बारा पानांचं, इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. जन्मभर तुला इंग्रजी कागद वाचून देणारी बहीण एका फोनवर होती. तू सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करून मोकळा झालास. नमुना जपून ठेवायला हो. संशोधनाला द्यायला हो. वर 'मनोविकारांचा आनुवंशिक धोका' असं एक जादा प्रकरण हवं का, त्यालाही हो. मी विचारलं, का रे? म्हणालास, फुकट होतं.

अहवाल दहा पानांचा आला. पहिल्या चार पानांत औषधं होती. उरलेल्या सहा पानांत तांबडी-पिवळी वर्तुळं होती आणि तुझ्या व तुझ्या रक्ताच्या माणसांच्या वाट्याला काय काय येऊ शकतं याचे अंदाज. डॉक्टरीणबाईंनी ती सहा पानं बोटाने बाजूला सारली. म्हणाल्या, ज्या लोकांच्या माहितीवरून हे अंदाज बांधले आहेत, त्यांत आपल्याकडची माणसं फार थोडी आहेत, मी यावरून काही ठरवणार नाही. मग पहिल्या पानावर बोट ठेवून त्यांनी सांगितलं की तुला वर्षानुवर्षं दिलेली दोन औषधं तुझं शरीर फार सावकाश जिरवतं. इतरांचा नेहमीचा डोस तुला जास्त होत होता.

तू ते पहिलं पान झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून आणलंस. लोक शाळा सोडल्याचा दाखला लॅमिनेट करतात, तू आजाराचा कागद केलास. इस्त्रीवाल्याला दाखवलास, भाडेकऱ्यांना दाखवलास, वॉचमनला तर मराठीत समजावून सांगितलास आणि मग हिंदीत. रविवारी मी आल्यावर माझ्या हातात दिलास. "वाच. मोठ्याने वाच." मी वाचलं. तू खुर्चीत मागे टेकलास आणि म्हणालास, "तीस वर्षं मी दुसरं काय सांगत होतो, बाय?"

तेव्हा मी म्हणायला हवं होतं की माझं चुकलं. मी म्हणाले, चष्म्याचा नंबर बदललाय वाटतं, अक्षर नीट लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक औषध बदललं, दुसऱ्याचा डोस निम्म्यावर आणला. पुढे तू स्वतःच डबा भरायला लागलास. त्या म्हणायच्या, सगळं श्रेय तपासणीला देऊ नका, पहिल्यांदाच कुणीतरी यांच्यावर विश्वास ठेवलाय, म्हणून हे गोळ्या घेतायत. काहीही असो, तुझी ती दोन वर्षं चांगली गेली. रविवारी मी यायचे तेव्हा खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण तयार असायचं आणि मला करायला काही काम नसायचं. मला त्याचंही थोडं वाईट वाटायचं, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

पण तुला तिथे थांबवेना. दहाही पानं तू कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलीस. आपल्या आज्याच्या सगळ्या वंशाचा तो ग्रुप, पनवेलचे, उरणचे, गावातले, सुना-जावयांसकट. मधुकाकांनी न उघडताच 'हार्दिक अभिनंदन' लिहून तीन पुष्पगुच्छ पाठवले. त्यांचं बघून आणखी सात जणांनी अभिनंदन केलं. मग कुणीतरी पानं उघडून वाचली, आणि रोज सकाळी देवांचे फोटो टाकणारा तो ग्रुप दोन दिवस मुका झाला. त्यातच आपल्या चुलतभावाच्या नातीचं लग्न ठरत होतं, आणि हौसेने मुलाकडच्या दोघांना आधीच ग्रुपमध्ये घेऊन ठेवलं होतं. संध्याकाळी वहिनीचा मला फोन. "तुमच्या भावाला काय लागलंय ते लागू दे, आमच्या पोरीला कशाला लावतो?" मुलाकडच्यांनी मुलीची तशीच तपासणी करून मागितली. पोरीने तपासणीला नकार दिला आणि त्या मुलालाही. ते खापर तुझ्यावर फुटलंच, थोडं माझ्यावरही.

मी तणतणत तुझ्याकडे आले. म्हटलं, हे तुझं एकट्याचं नव्हतं.

"थुंकी माझी हाय ना?"

"निम्मी माझी आहे. प्रशांतमध्ये आहे, त्याच्या पोरांमध्ये आहे. त्यांना विचारलंस का, तुमच्याबद्दलचं गावभर करू का म्हणून?"

तू म्हणालास, "आईचं तुमी मला सांगितलंत का? ते बी गावातून कळलं. पस्तिशीपर्यंत मला वाटायचं, असं होणारा जगात मी एकटाच हाय."

यावर मी उठले आणि चप्पल घालून निघाले. पुढच्या रविवारी आपण दोघंही काही झालंच नाही असे वागलो, आणि ते भांडण तिथेच राहिलं. सहा पानं ग्रुपवर टाकणं चूकच होतं, असं मी आजही म्हणते. पण त्या दिवशी माझा आवाज चढला तो वहिनीच्या नातीसाठी चढला नव्हता.

त्याच्या आदल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला तुझ्यासमोर विचारलं होतं, तुमच्या आईंनाही असंच व्हायचं का, आणि त्यांना कधी औषध दिलं होतं का. तू माझ्याकडे बघत होतास. मी म्हणाले, आईला पित्ताचा त्रास होता, औषधाचं काही आठवत नाही.

जनू, मला आठवत होतं.

आपली आई गावची धवलारीण, लग्नात धवले म्हणजे मंगलगाणी गाणारी. तिचं चांगलं असायचं त्या वर्षी आपल्या खाडीकाठच्या कुठल्याही आगरी घरात तिच्या धवल्यांशिवाय लग्न लागायचं नाही. हळदीला बसली की गळा थकायचा नाही, झोप नाही, जेवण नाही, नव्या नव्या ओळी जोडत जायची. आणि मग एखाद्या दिवशी चटईवर आडवी व्हायची ती महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून. गाव म्हणायचं, बाहेरचं लागलंय. बाबा म्हणायचे, पित्त. तू तेवढंच ऐकत वाढलास.

मी चौदा वर्षांची असताना बाबांनी तिला गुपचूप ठाण्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं. तू आठ वर्षांचा होतास, तुला काकीकडे ठेवलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी आईला उभं राहता येईना, जीभ वळेना. पुढचे दोन दिवस हाका मारल्या तरी तिने डोळे उघडले नाहीत. मी तिच्या ओठांवर चमच्याने पाणी सोडत बसले होते. शुद्धीवर आली तेव्हा मला म्हणाली, "मना या गोल्या झेपत नाय गो." बाबांनी गोळ्या खाडीत टाकल्या. पुन्हा ती डॉक्टरांकडे गेली नाही, तशीच जगली आणि तशीच गेली. बाबांनी मला शपथ घातली नाही की दम दिला नाही. एवढंच म्हणाले, "तुझं लग्न व्हायचंय."

लग्न झालं. सासरी आईचं पित्तच सांगितलं गेलं, आणि तुझ्या भाऊजींनाही मी शेवटपर्यंत तेच सांगितलं. ते समजूतदार होते. त्यांना सांगितलं असतं तर काहीही बिघडलं नसतं, असं आता वाटतं. पण ती वेळ प्रत्येक वर्षी थोडी उशिराची होत गेली.

मग तुला पहिल्यांदा दवाखान्यात नेलं. केसपेपर मी भरला, कारण माझं अक्षर चांगलं. 'कुटुंबात पूर्वी कुणाला' या रकान्यात मी लिहिलं, निरंक. मी शाळेच्या कार्यालयात नोकरीला होते, तिथे आम्ही रिकाम्या रकान्यात हाच शब्द लिहायचो, हात बसलेला होता. पण इथे रकाना रिकामा नव्हता, आणि हे मला लिहिताना माहीत होतं. पुढच्या प्रत्येक डॉक्टरांनी जुना कागद बघून तेच उतरवून घेतलं. तू 'झेपत नाय' म्हणायचास, तेव्हा हे वाक्य आपण आधी ऐकलंय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत असायचं. आणि तरी मी तुला म्हणायचे, तुलाच कशा झेपत नाहीत.

खरं लिहिलं असतं तर तीस वर्षं बदलली असती का, मला माहीत नाही. कदाचित काही बदललं नसतं. कदाचित पहिल्याच वर्षी एखाद्या डॉक्टरांनी डोस निम्मा करून बघितला असता. प्रयोगशाळेने यंत्रं लावून जे शोधून काढलं, ते आपल्या घरात चौदा वर्षांच्या मुलीला ठाऊक होतं. ती मोठी झाली, बी.ए. झाली, फायली लावायला शिकली, आणि नेमकं तेवढंच कुठल्या फायलीत लावलं नाही.

आणि आता त्या प्रयोगशाळेचं ऐक. तुझ्या दहाव्याच्या दिवशी तुझ्या फोनवर त्यांचा मेसेज आला. जनार्दनजी, तुमच्या कुटुंबातील चार सदस्यांना तपासणीत खास सवलत. मी ताबडतोब फोन लावला आणि माणूस वारल्याचं सांगितलं. पलीकडची मुलगी म्हणाली, सो सॉरी मॅम, आपण त्यांच्या कोण? मी म्हटलं, बहीण. ती म्हणाली, मग मॅम, ऑफर तुम्हालाही लागू आहे. तिच्यावर काय ओरडायचं, समोरचं वाचून दाखवत होती. दुसऱ्या दिवशी मी ती बारा पानं भिंग घेऊन वाचली. साठवलेला नमुना नष्ट करायचा तर वारसाने अर्ज करायचा. संशोधनाला जे पुढे गेलं ते परत मिळत नाही. कुठे गेलं, कुणाकडे गेलं, हे तुझ्या बहिणीला विचारायचा हक्क नाही, मग त्यात माझं कितीही असो. अर्ज मी लिहून ठेवलाय. नमुना तुझा आहे म्हणून पाठवताना हात अडतो, आणि आमचाही आहे म्हणून न पाठवताना चीड येते.

प्रशांतचं म्हणणंही तुला सांगते, त्याच्यावर अन्याय नको. तो म्हणतो, एकदा कागदावर आलं की पुसलं जात नाही, नोकरीत, विम्यात कुठे उपटेल सांगता येत नाही. म्हणतो, पोरगी हे वाचून ठरवून टाकेल की आपलंही असंच होणार. त्याची भीती खोटी नाही. बाबांचीही नव्हती. माझं लग्न खरोखरच व्हायचं होतं. फक्त त्या भीतीची किंमत मी मोजली नाही, तू मोजलीस.

सई, आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, होतं. माझ्या आईला होतं आणि माझ्या भावाला होतं. दोघांनाही औषधाचा नेहमीचा डोस सोसला नाही. भावाला कुठला सोसला नाही आणि नंतर कुठला, किती लागू पडला, हे पहिल्या चार पानांत आणि सोबतच्या डॉक्टरीणबाईंच्या चिठ्ठीत आहे, ते आज तुला पाठवलं. आईच्या गोळ्यांचं नाव मला माहीत नाही, पण काय झालं ते वर लिहिलंय तसंच डॉक्टरांना सांग. तुझं शरीर आमच्यासारखंच असेल असं नाही, ते त्या बघतील. त्यांना न विचारता स्वतःच्या मनाने काही कमी-जास्त करू नकोस. उरलेली सहा पानं मी पाकिटात घालून चिकटवून ठेवली आहेत. जनू असता तर त्याने ती रंगीत छापून पाठवली असती. मी पाठवत नाही. तुम्हा दोघांपैकी ज्याला हवी असतील त्याने स्वतः मागायची, एकाने दुसऱ्यासाठी नाही. हे बरोबर आहे की नाही, याची मला खात्री नाही.

आणि एक. भिंतीकडे तोंड करून पडलेली आई मी पाहिली, तशी लग्नघरात गाणारी आईही पाहिली. शेवटची दोन वर्षं कालवणाचा वास जिन्यापर्यंत पोचवणारा जनूही पाहिला. फॉर्ममध्ये याला रकाना नसेल. तरी डॉक्टरांना सांग.

जनू, माझं चुकलं. केसपेपरवर चुकलं, मोगऱ्याच्या कुंडीपाशी चुकलं, आणि तू लॅमिनेट केलेलं पान हातात दिलंस तेव्हाही चुकलं. तुझ्यावरचा माझा राग मात्र गेलेला नाही. निदान हे ऐकून जायला हवं होतंस.

आईला आणि तुला, दोघांनाही त्या गोळ्यांनंतर डोळ्यांनी पाहिलेलं आता एकच माणूस उरलं आहे, ते म्हणजे मी. माझं वय चौऱ्याहत्तर आहे, आणि मला सगळं आठवतं.